पितळी टाके

१

दुपारचं जेवण झालं की शांतलिंग हत्तरगे आपलं कापडाचं दुकान घटकाभर बंद ठेवायचा आणि घराच्या मागच्या खोलीत जायचा. मुरूम गावच्या पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वेळेला गिऱ्हाईक कितीही मोठं आलं तरी फळी उघडायची नाही.

त्या खोलीत तिन्ही भिंतींना सागवानी मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर चिनी माती. निळ्या नक्षीच्या रकाब्या, झाकणाच्या बरण्या, हिरवट झिलई देऊन काचवलेलं एक जुनं ताट, बासरी वाजवणारा गोरा मेंढपाळ, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा. गुलबर्गा, बीदर, थेट हैदराबाद, जिथं कुठं एखाद्या सरदाराच्या देवडीतल्या सामानाचा हर्रास म्हणजे लिलाव निघायचा तिथं शांतलिंग जायचा आणि पेंढ्यात गुंडाळलेलं एखादं खोकं मांडीवर धरून परत यायचा. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तो रोज एकेक वस्तू पुसायचा, आणि पुसून झाली की मधल्या बोटाच्या नखानं तिला हलकी टिचकी मारायचा. वस्तू अखंड असली की खण्णकन वाजायची. आत कुठं केसाएवढा जरी तडा असला तरी आवाज बसका यायचा. बसका आवाज आलेली वस्तू तो स्वतःच्या हातानं परसातल्या खड्ड्यात टाकायचा, मग ती कितीही देखणी असो. सांधलेल्या वस्तूला तर तो हातही लावत नसे.

बायको पार्वतम्मा. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिला मागच्या खोलीत यायची परवानगी नव्हती. शांतलिंगनं कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, आवाजही चढवत नसे. चढवायची वेळच येत नसे. त्यानं नुसतं बघितलं की पार्वतम्मा हातातलं काम टाकून उभी राहायची. पेठेतल्या बाया म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा.

२

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. धाराशिवचा दलाल वीरभद्र यानं कार्ड टाकलं, की गिरधरराय जहागीरदार वारले, मागं कुणी नाही, कोठीतल्या सामानाचा हर्रास सोमवारी आहे. शांतलिंग आदल्या दिवशीच्या मोटारीनं निघाला.

कोठीच्या व्हरांड्यात मेजं मांडून वर सगळं सामान लावलं होतं. बोली पुकारणारा माणूस घसा फुटेस्तोवर ओरडत होता. झुंबरं गेली, गालिचे गेले, शिसवी पलंग गेला. शांतलिंगला हवं असं काही दिसेना. तो आतल्या दालनात डोकावला आणि तिथं तो अर्धपुतळा दिसला.

खांद्यापासून वर एक बाई. खऱ्या माणसाएवढी. पांढरी माती, पण चकाकी नाही. कातडीसारखी मऊ दिसणारी. डोळे खाली झुकलेले, ओठ किंचित उघडे, काही सांगायला निघालेली आणि तेवढ्यात कुणीतरी आत आलं म्हणून गप्प झालेली. शांतलिंगनं चारी बाजूंनी तिच्यावरून बोट फिरवलं. कुठं ओरखडा नाही, कपचा नाही. मग त्यानं टिचकी मारली. तो आवाज इतका वेळ घुमत राहिला की बाहेर बोली पुकारणाऱ्यानं मान वळवून आत बघितलं.

तिच्यावर दुसरी बोलीच लागली नाही. वीरभद्रसुद्धा म्हणाला, "अप्पा, घोडा घ्या, हत्ती घ्या. मुंडकं कशाला नेता घरात?"

पेंढ्यात पुतळा बांधायला कोठीचा म्हातारा गडी ज्ञानोबा आला. बांधता बांधता त्यानं विचारलं, "घरी बाईमाणूस हाय का?"

"हाय की. का?"

"न्हाय, सहज इचारलं." म्हाताऱ्यानं सुतळीला गाठ मारली. थोड्या वेळानं, कुणी न विचारताच, तो म्हणाला, "आमच्या बाईसाहेब गेल्या ना, तवा अंगावर एक वरखडा नव्हता. अंघोळ घालनाऱ्या बाया बी म्हनल्या, एक वरखडा न्हाय."

वय झालं की माणूस काहीही बडबडतो, असं शांतलिंगला वाटलं.

३

खोकं जड होतं. मागच्या खोलीत ते उतरवायला त्यानं त्या दिवशी नाइलाजानं पार्वतम्माला आत बोलावलं. पुतळा मधल्या चौरंगावर ठेवताना तिच्या पदराचं टोक मांडणीला अडकलं आणि निळी रकाबी खाली येऊन फुटली.

शांतलिंगनं तिच्या थोबाडीत मारली.

दोघंही तशीच उभी राहिली. मारणाऱ्यालाही विश्वास बसेना. तिच्या डाव्या गालावर त्याच्या अंगठीची खूण उठली होती आणि तिथून रक्ताचा एक बारीक धागा हनुवटीकडं निघाला होता. ती खाली बसून खापऱ्या वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जेवल्या जागीच डुलकी लागली. झोपेत किर्र, किर्र असा आवाज येत राहिला. दोरीचं गिरमिट फिरवून कुणीतरी भोक पाडतंय, असा. शेजारी सुताराचं काम चालू असेल, असं म्हणून त्यानं कूस बदलली.

उठल्यावर त्यानं दुकानातून एक इरकल आणून पार्वतम्मापुढं ठेवलं आणि तिच्या गालाकडं बघितलं. गाल स्वच्छ होता. सूज नाही, ओरखडा नाही, अंगठीची खूण नाही. "लागलं नव्हतं ना?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या गालावरून असा हात फिरवला की जणू तो गाल दुसऱ्याच कुणाचा होता.

शांतलिंग हलक्या मनानं मागच्या खोलीत गेला. पुतळ्याच्या डाव्या गालावर केसासारखी एक रेघ होती आणि त्या रेघेवर आडवा घातलेला एक पितळी टाका. फुटलेली चिनी माती सांधताना दोन्हीकडं भोकं पाडून घालतात तसला, तांदळाएवढा.

आधीपासूनच असणार. कोठीत उजेड कमी होता, आपल्या नजरेतून सुटला. त्यानं टिचकी मारली. पुतळा खण्णकन वाजला, धाराशिवला वाजला होता तसाच. सांधलेली वस्तू अशी वाजत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यानं पुन्हा टिचकी मारली आणि पुन्हा तोच आवाज ऐकला.

४

पंधरा दिवस त्याच्या डोक्यात एकच विचार फिरत राहिला. पार्वतम्मा आपल्या माघारी मागच्या खोलीत जाते. तिनं पुतळा पाडला, आणि आपल्याला कळू नये म्हणून कुणाला तरी बोलावून सांधून घेतला. त्या दिवशीचं गिरमिट ते हेच.

"दुपारी कोण येतंय घरात?" त्यानं एक दिवस तिला विचारलं.

"कोण येणार? कडूबाई भांडी घासायला येते."

"चिनी सांधणारा कोण येतो?"

तिला प्रश्नच कळला नाही, आणि ते न कळणं त्याला ढोंग वाटलं. त्यानं तिला दंडाला धरून ढकललं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटली. कानशिलाजवळ कातडी फाटली आणि लुगड्याचा खांदा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी कानशील कोरं होतं. पुतळ्याच्या कानशिलावर मात्र तीन टाके होते.

भांडी घासणाऱ्या कडूबाईला त्यानं परसात गाठलं. "आपल्या गावात चिनी कोण सांधतो गं?"

"गावात कोन न्हाय अप्पा. सोलापूरहून एक म्हातारा यायचा, त्यो बी मेला." कडूबाईनं राखेचा हात तसाच ठेवून खालच्या आवाजात विचारलं, "अप्पा, काल अक्कांच्या कानाशी रगत व्हतं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. आज कुठं गेलं?"

"तुला भास झाला."

असं त्यानं तिला सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःलाही पटवून दिलं. ज्या माराची खूण राहत नाही तो मार किती लागला असेल? पुढचा महिना असाच गेला. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून, पाणी उशिरा आणलं म्हणून, आणि मग काहीच झालं नाही म्हणून. प्रत्येक वेळी हात आधीच्यापेक्षा सहज उठायचा. प्रत्येक वेळी दुसऱ्या दुपारी त्याला डुलकी लागायची, किर्र किर्र ऐकू यायचं आणि उठून बघितलं की पार्वतम्मा धुतल्यासारखी कोरी. आषाढ संपला तेव्हा पुतळ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यांवर मिळून एकोणीस टाके झाले होते, आणि तरी तो खणखणीत वाजत होता.

पार्वतम्मात एवढाच फरक पडला होता, की ती तव्यावरची भाकरी उलटायची तेव्हा बोटं तव्यावर तशीच राहून जायची. सकाळी लिंगपूजा झाल्यावर ती कपाळाला विभूती लावायची, पण विभूती टिकत नसे. काचवलेल्या भांड्यावरून राख घसरावी तशी भुवयांवर उतरून यायची. आणि ती अनवाणी चालत असली तरी फरशीवर तिच्या पावलांचा टक टक आवाज व्हायचा.

सास्तूरहून सांगावा आला की तिची आई गेली. तिनं तो उभ्यानं ऐकला आणि पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली.

५

श्रावण लागला. शांतलिंगनं ठरवलं की चोरून येणारा हा सांधणारा आज पकडायचाच. उमरग्याला जातो म्हणून तो बाहेर पडला, परसदारानं परत आला आणि मागच्या खोलीत मांडणीआड पोत्यावर बसून राहिला. आदल्या दिवशी त्यानं पार्वतम्माला पितळी तांब्या फेकून मारला होता. तांब्या डोक्यात, मागच्या बाजूला लागला होता. म्हणजे आज तो येणार.

खोलीत सगळं स्तब्ध होतं. चौरंगावर पुतळा, झुकलेले डोळे, उघडे ओठ. झरोक्यातून पडलेला उन्हाचा चौकोन हळूहळू भिंत चढत होता. दार नुसतं लोटून घेतलेलं होतं.

किर्र. किर्र.

पुतळ्यापाशी कुणी नव्हतं. आवाज घरातून, पुढून येत होता. शांतलिंगनं हळूच दार उघडलं आणि दबकत स्वयंपाकघराशी गेला.

पार्वतम्मा त्याच्याकडं पाठ करून पाटावर बसली होती. पुढ्यात सूप होतं आणि ती तूर निवडत होती. तिच्यामागं भिंतीला लागून धान्याची उंच कणगी होती, आणि कणगीच्या सावलीतून दोन हात पुढं आले होते. कोपरापर्यंत दिसत होते. त्यापुढं सावली होती, आणि कणगी आणि भिंत यांच्यामधे मांजर बसेल एवढीही जागा नव्हती. हात म्हाताऱ्याचे होते, पांढऱ्या भुकटीनं माखलेले, नखं झिजलेली. एका हातानं तिचे केस बाजूला सारून धरले होते. दुसरा हात गिरमिटाची दोरी पुढं-मागं ओढत होता.

किर्र. किर्र. तिच्या खांद्यावर पीठ सांडावं तशी पांढरी भुकटी पडत होती. रक्त नव्हतं. पार्वतम्मानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा तुरीत बोटं फिरवायला लागली.

शांतलिंगचा पाय घडवंचीला लागला. दोरी थांबली. केस धरलेला हात सुटला आणि तळवा त्याच्याकडं करून थोडासा वर उठला. कामात असलेला कारागीर घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतो ना, थांबा, होतच आलंय, तसा.

६

तो ओट्यावर येऊन बसला. थोड्या वेळानं पार्वतम्मा दारात आली. "उमरग्याला गेला नाहीत व्हय?"

"कोण होता तो?"

"तुम्हीच धाडता की," ती शांतपणे म्हणाली. "तुमचा हात उठला की दुसऱ्या दिवशी येतो. कोण, कुठला, मला ठाऊक न्हाय. मी वळून बघितलं नाही."

"दुखतं का?"

"पहिल्यांदा दुखलं. आता काहीच दुखत न्हाय. अव्वा गेली म्हणून सांगावा आला, तेव्हा रडावं म्हणून बसले. डोळ्यात पाणीच येईना."

शांतलिंगची भीती हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी एक विचित्र समाधान आलं. दुखत नाही. मग आपण केलंय तरी काय?

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. पार्वतम्माला माहेरी न्यायला तिचा थोरला भाऊ कल्याणप्पा सास्तूरहून बैलगाडी जुंपून आला. आई गेल्यावरचा पहिला सण. पाणी प्यायच्या आधीच त्यानं बहिणीचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. "पारू, हात किती गार गं तुझा? दाजी, हिला बरं न्हाय काय?"

"बरं आहे. पण ती यायची नाही."

"असं कसं, दाजी? पंचमीला आलोय. ताटावरून उठवून न्यायला आलो नाही. चार दिवसांनी आणून सोडतो."

"तुला वाटतं मी हिचे हाल करतो," शांतलिंग म्हणाला. कल्याणप्पाच्या तोंडून तसा शब्दही निघाला नव्हता. शांतलिंग उठला, कोपऱ्यातला कापड मोजायचा लोखंडी गज त्यानं उचलला आणि हसल्यासारखं करत म्हणाला, "बघ, तूच बघ. हिला काही होत नाही."

त्यानं पहिला तडाखा खांद्यावर हाणला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज कल्याणप्पानं स्पष्ट ऐकला. पार्वतम्मा जागची हलली नाही. तिसरा तडाखा तोंडावर बसला तेव्हा कल्याणप्पानं भानावर येऊन गज धरला, आणि दोघं झटापटीत ओटीवर आडवे झाले.

पार्वतम्मानं आपल्या लोंबणाऱ्या मनगटाकडं एकदा बघितलं. मग ती वळली. टक टक करत स्वयंपाकघरात गेली, दुसऱ्या हातात खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि मागच्या खोलीकडं निघाली.

"तिकडं जायचं न्हाय!" शांतलिंग जमिनीवरूनच ओरडला. कल्याणप्पाच्या छातीत लाथ घालून तो सुटला आणि धावला. तो दारात पोहोचला तेव्हा ती चौरंगापुढं बत्ता उगारून उभी होती.

"पारू, नको. फुटलं तर तुलाच..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "माझं मला परत पाहिजे."

बत्ता खाली आला. पुतळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या, पितळी टाके फरशीवर टणटणले. आणि त्याच क्षणी पार्वतम्माचा गाल फाटला, कानशील फाटलं, डोक्याच्या मागून रक्ताचा लोट आला. दोन महिन्यांचा सगळा मार एकाच वेळी तिच्या अंगावर उमटत गेला. शांतलिंग डोळ्यांनी बघत होता आणि एकेक जखम ओळखत होता. ही आमटीची, ही पाण्याची, ही कशाचीच नाही.

ती किंचाळली. पेठेच्या दुसऱ्या टोकाला माणसं उठून उभी राहिली अशी किंचाळली. मग "अव्वा, अव्वा गं" म्हणून रडायला लागली.

कल्याणप्पानं तिला उचलून गाडीत घातलं. कडूबाई धावत येऊन तिच्या उशाशी बसली आणि स्वतःच्या पदरानं रक्त दाबत वेशीपर्यंत गेली. पार्वतम्मा वाचली. सास्तूरला भावाच्या घरी ती दोन महिने अंथरुणाला खिळून होती. मनगट वाकडं जुळलं, चेहऱ्यावरचे व्रण राहिले. पण पोहोचल्याच्या रात्रीपासून ती कण्हत होती, आणि तिच्या वहिनीनं पुढं सांगितलं की कण्हता कण्हता मधेच ती हसायची.

७

गाडी गेली तेव्हा हत्तरग्यांच्या ओट्यापुढं गर्दी जमली होती. कुणीतरी पोलीस पाटलाला बोलवायला पळालं. शांतलिंगनं मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि धोतराच्या फडक्यात ठिकऱ्या गोळा करायला बसला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एक डोळा सापडला. ओठांचा तुकडा सापडला. मांडण्यांवरची बाकीची चिनी माती आपापल्या जागी उभी होती.

त्याच्या मागं कुणीतरी बसलं. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात तसे वाजले.

शांतलिंगनं वळून बघितलं नाही. भुकटीनं माखलेला एक हात त्याच्या हनुवटीखाली आला आणि त्याचं तोंड झरोक्याच्या उजेडाकडं वळवलं. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. सावकाश. अंगठ्यानं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. मग मानेच्या मागं, केस संपतात तिथं, काहीतरी थंड आणि टोकदार टेकलं.

तो ओरडणार होता. बाहेर दहा-पंधरा माणसं उभी होती, एक हाक पुरली असती. पण तोंड उघडायच्या आधी दोरी फिरली आणि नवल म्हणजे काहीच दुखलं नाही. न दुखणं किती भयंकर असतं हे त्याला त्या वेळी कळलं.

दार फोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. फरशीवर एकही ठिकरी नव्हती. शांतलिंग भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे, तोंड किंचित उघडं. पोलीस पाटील म्हणाला, "धक्का बसलाय. चौघं जण व्हा आणि बाहेर घ्या." चौघं पुढं झाले. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय धरले.

वेशीवरून परतलेली कडूबाई दारात उभी होती. तिनं शांतलिंगच्या मानेवरचा पितळी टाका बघितला आणि तिचा आवाज चिरकला.

"हळू! हळू धरा रे, ठेवा खाली!"

का, असं त्या चौघांतल्या कुणीही विचारलं नाही. हाताखालचं गार, कठीण काय आहे ते त्यांना कळलं होतं. श्वास धरून, इंच इंच करत त्यांनी त्याला फरशीवर टेकवलं. मग एकानं हात काढून घेतला, मग दुसऱ्यानं, आणि सगळे मागं सरत भिंतीपर्यंत गेले. शांतलिंगला हे सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.